अपडेटचा बुधवार

धारूर तालुक्यातल्या एका गावात माझ्या मामेभावाचं सेवा केंद्र आहे. टेबलाच्या खणात त्याची एक दोनशे पानी वही असते. पुढून उघडली तर उधारी आणि झेरॉक्सचा हिशेब. मागून उघडली तर मशीनची दुखणी. "बुध. प्रिंटर दिसेना. वायर काढली, ड्रायव्हर उडवला, परत टाकला. आलं." "बुध. निळा पडदा. तीनदा बंद-चालू. रिपेअर. ११ वाजले." अशा नोंदी पानामागून पान आहेत. तारखा क्वचितच लिहिलेल्या, वार मात्र बहुतेक ठिकाणी आहे. बुधवारचं प्रमाण इतकं की त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं, बुधवार मशीनला लाभत नाही. कुणी म्हणे शनी आहे, कुणी म्हणे गावाचं व्होल्टेज.

कारण वेगळं होतं. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या दुरुस्त्या ठरावीक दिवशी द्यायला सुरुवात केली, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की त्या बाहेर पडतात. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा झालेले असतात. म्हणजे तिकडचा मंगळवार बीड जिल्ह्यात बुधवारी सकाळी उगवतो, केंद्राचं शटर वर होतं तेव्हा. हे मी त्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "दादा, मग शनी तरी बरा. त्याला तेल वाहता येतं."

संगणकाच्या इतिहासात कोणत्या साली कोणती विंडोज आली एवढंच बहुधा असतं. ती आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र कुणी आणि कसं सुरू केलं, हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून ही थोडी उजळणी. ती अंगठ्यापासून करावी लागेल, कारण आमच्या भागात या यंत्राचं सगळ्यात नाजूक काम अंगठ्याशीच येऊन थांबतं.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूतून चाले. जमिनीच्या जुन्या कागदांत उर्दू आणि मोडी आजही निघतात, १९५४-५५ च्या खासरा पत्रकासाठी लोक आजही तहसीलच्या अभिलेख कक्षाबाहेर उभे असतात. ज्याला त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं, त्याची या कागदावरची हजेरी म्हणजे अंगठा. दस्तलेखक नाव लिहायचा, पुढे 'निशाणी अंगठा' लिहायचा आणि निळ्या शाईच्या डबीवर दाबलेलं बोट त्या शब्दांशेजारी टेकवायचं. ठशाचा असा उपयोग सरकारने करून घ्यायला सुरुवात झाली तीही हिंदुस्थानातच. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. शाईच्या डबीला वीज लागत नव्हती. ठसा पुसट आला तर बोट पुन्हा दाबायचं. आणि मुख्य म्हणजे, बोट कुणाचं आहे हे पंच सांगायचे, डबी नाही.

संगणक आमच्याकडे सर्वसामान्यांच्या हाताशी आला तो एमएस-सीआयटीच्या क्लासमधून. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झालं, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली, आणि पुढची काही वर्षं बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई कुठेही जा, दोन खोल्यांत दहा संगणक आणि दारात चपलांचा ढीग हे दृश्य असायचं. सरकारी नोकरांना हा कोर्स सक्तीचा झाला, त्यामुळे पन्नाशीचे गुरुजी माउस धरायला शिकत होते. मी अशाच एका क्लासात काही महिने शिकवायला होतो. शिकवणं अर्धा दिवस, उरलेला अर्धा दिवस यंत्रं उठवणं.

त्यासाठीचं सगळं सामान एका चेनच्या सीडी-पाकिटात मावायचं. एक्सपीची सीडी, बहुधा लिहिलेली, म्हणजे विकत न घेतलेली. ऑफिसची सीडी. आणि सगळ्यात मौल्यवान, मदरबोर्डच्या खोक्यातून आलेली ड्रायव्हरची सीडी. ही हरवली की खरे हाल. विंडोज नव्याने टाकली की पडद्यावरची चित्रं मुठीएवढी दिसायची, स्पीकरवर लाल फुली, आणि नेटवर्क नाही. नेटवर्कचा ड्रायव्हर नेटवरून आणावा, तर नेट चालायला तोच ड्रायव्हर हवा. मग पेनड्राइव्ह घेऊन सुभाष रोडवरच्या नेटकॅफेत जायचं, ताशी पैसे मोजून तो उतरवायचा, आणि यायचं तेव्हा पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हरसोबत 'न्यू फोल्डर' नावाचा व्हायरसही असायचा. त्या काळात दुकानदार 'फॉरमॅट मारतो' म्हणायचे ते उगाच नाही. त्या क्रियेत खरोखर हाणामारीचा भाग होता.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे क्लासात समजावताना माझी पंचाईत व्हायची. ड्रायव्हर म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे उसाच्या ट्रॅक्टरवरचा माणूस यायचा. एका मुलाने, आई-वडील दर वर्षी तोडीला जाणाऱ्या, स्वतःच उत्तर काढलं: "म्हणजे मुकादम." त्यानंतर मी तेच सांगत आलो. साखर कारखाना तोडणाऱ्याला ओळखत नाही, मुकादमाला ओळखतो. उचल त्याच्यामार्फत येते, किती कोयते आणायचे ते त्याला सांगितलं जातं, आणि टोळीशी तिच्या भाषेत बोलायचं कामही त्याचं. विंडोजलाही समोरचा प्रिंटर अमुक कंपनीचा आहे, त्याच्या पोटात कोणती चाकं आहेत, हे ठाऊक नसतं. ती एवढंच म्हणते, हे पान छाप. ते त्या यंत्राच्या भाषेत सांगणारा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. अपडेट म्हणजे कारखान्याने रातोरात नियम बदलणं. मुकादमाला कळवलं असेल तर ठीक. नसेल तर टोळी फडाच्या कडेला बसून राहते आणि कारखाना म्हणतो, कामगार आलेच नाहीत. इथे उपमा थांबवलेली बरी, कारण मुकादमाचे बाकीचे गुण ड्रायव्हरला चिकटवणं अन्यायाचं होईल.

यंत्र मुळात सुरूच होत नसेल तर मात्र निराळी विद्या लागायची. आधी कान. एक बीप म्हणजे ठीक, लांब-लांब बीप म्हणजे बहुतेक रॅम. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेचं खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायची. आमच्या धुळीत दहातली चार यंत्रं एवढ्याने उठायची. त्यापुढे एफ-आठ. चालू होताना हे बटण टकटक दाबत राहिलं की काळ्या पडद्यावर यादी यायची: सेफ मोड, आणि त्याखाली 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन'. शेवटची ठाऊक असलेली बरी अवस्था! नवा ड्रायव्हर टाकल्यामुळे यंत्र अडलं असेल तर ही ओळ त्याला मागच्या यशस्वी सुरुवातीपर्यंत नेऊन सोडायची. इंग्रजी न येणारी मुलंसुद्धा 'खालून अमुक नंबरची ओळ' म्हणून ती ओळखायची. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ मध्ये ही ओळ गेली आणि एफ-आठही मुळात बंद करून ठेवलं गेलं. यंत्र आता इतक्या वेगाने सुरू होतं की बटण दाबायला सवड नाही, असं कारण होतं. गावोगावच्या पोरांनी दहा वर्षं बोटांनी पाठ केलेली एक विद्या त्या दिवशी निकामी झाली, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या दहा वर्षांत आम्ही अपडेटला शिवत नव्हतो. त्याला दोन कारणं. एक, वीज. परळीत औष्णिक वीज केंद्र असलेल्या या जिल्ह्यात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असायचं, आणि २०१३ च्या दुष्काळात ते केंद्रच पाण्याअभावी बंद पडलं. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली की यूपीएसच्या थकलेल्या बॅटरीत दोन-तीन मिनिटांचा जीव. तेवढ्यात ते पुरं झालं नाही तर फायली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या, आणि दुसऱ्या दिवशी काळा पडदा. दुसरं कारण सीडी-पाकिटात होतं. बनावट एक्सपी ओळखणारी तपासणी मायक्रोसॉफ्टने अपडेटमधूनच पाठवली, आणि २००८ पासून ती अशा यंत्राचा डेस्कटॉप काळा करून टाकायची. काम चालू राहायचं, पण गिऱ्हाईक घाबरायचं. त्यामुळे विंडोज टाकून झाली की दुकानदार सगळ्यात आधी अपडेट बंद करायचा. तो निर्णय चुकीचा होता, हे आज सांगणं सोपं आहे. तेव्हा तोच शहाणपणा होता.

एक्सपीच्या त्या हट्टातून आणखी एक घोळ झाला. नव्या यंत्रांतल्या साटा हार्ड डिस्क एक्सपीच्या सीडीला ओळखताच येत नव्हत्या. ड्रायव्हर द्यायचा तर सुरुवातीला एफ-सहा दाबून फ्लॉपीतून द्यावा लागे, आणि नव्या यंत्राला फ्लॉपीची फटच नसायची. उपाय सगळ्यांनाच सापडला: बायॉसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या आयडीई पद्धतीने वागायला लावायचं. एक्सपी गुमान बसायची. पुढे वर्षा-दोन वर्षांनी बायॉसची बॅटरी मरायची, सगळ्या निवडी मूळ पदावर जायच्या, डिस्क परत नव्या पद्धतीने बोलू लागायची आणि विंडोज निळ्या पडद्यावर 'सेव्हन-बी' ही खूण दाखवून आडवी व्हायची. गिऱ्हाइकाला हार्ड डिस्क गेली असं सांगून नवी विकणारेही मी पाहिले. बायॉसमधली एक ओळ बदलली की जुनीच डिस्क चालायची.

व्हिस्टा आमच्याकडे जवळपास आलीच नाही. लॅपटॉपसोबत आली तर लोक पैसे देऊन ती काढून एक्सपी टाकून घेत. पण व्हिस्टाने एक नियम आणला जो पुढे सगळ्यांना भोवला. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये अगदी आतल्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर ओळखीची डिजिटल सही हवी. सही नाही, प्रवेश नाही. नियम योग्यच होता, कारण निळ्या पडद्यांमागे बहुतेकदा कुणातरी तिसऱ्याच कंपनीचा ड्रायव्हर असायचा आणि शिव्या विंडोजला बसायच्या. पण जुन्या यंत्रांच्या कंपन्यांनी नवे सहीचे ड्रायव्हर काढलेच नाहीत. डीटीपीवाल्यांच्या मराठी फाँटची कुलपं, म्हणजे संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी लावायची डबी, ती जागाच नव्या संगणकांतून नाहीशी झाली. बीडमधून निघणाऱ्या छोट्या दैनिकांच्या कचेऱ्यांत विंडोज ७ च्या शेजारी एक्सपीचं एक म्हातारं यंत्र कुलपासाठी जिवंत ठेवलेलं असायचं.

सही नसलेल्या ड्रायव्हरसाठी विंडोज ८ नंतर एक पळवाट उरली. यंत्र खास पद्धतीने पुन्हा सुरू करायचं, निळ्या पडद्यावर यादी आली की सात नंबर दाबायचा, की तेवढ्यापुरती सहीची तपासणी बंद. तेवढ्यापुरती म्हणजे पुढच्या रीस्टार्टपर्यंत. मामेभावाकडे एक जुना स्कॅनर होता, त्यासाठी तो रोज सकाळी हे करायचा. सातबाऱ्याच्या आधी सात, असं त्याचं म्हणणं.

इथून गोष्ट २०१५ वर येते. त्या वर्षी २९ जुलैला विंडोज १० आली, एक वर्ष फुकट. फुकट असली तरी उतरवून घ्यायचा डेटा फुकट नव्हता. तीन जीबीच्या पुढचा तो ऐवज न विचारता खाली यायला लागला, आणि जिओ यायच्या आधीच्या त्या दिवसांत गावातला डोंगलवाला महिन्याचा डेटा एका रात्रीत संपल्यावर टेलिफोन कंपनीला शिव्या देत बसला. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याहून विचित्र प्रकार घडला. अपग्रेडच्या चौकटीवरची लाल फुली दाबली तरी ठरलेली वेळ रद्द होत नव्हती. फुली मारणं म्हणजे होकार! टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ते बदललं. पण तोवर पुष्कळ यंत्रं रात्रीतून दहा झालेली होती, आणि सकाळी त्यांच्याशेजारचे प्रिंटर मुके होते.

आता २०१७. या एका उन्हाळ्यात चार गोष्टी एकमेकांवर आदळल्या. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीची लागण जगभर पसरली. जिथे अपडेट बंद ठेवलेले तिथे ती शिरत होती, म्हणून ज्यांनी दहा वर्षं अपडेट बंद ठेवले त्यांनी घाबरून ते एकदम चालू केले. १ जूनपासून आधारच्या ठशांसाठी नवा नियम आला: ठसा घेणारं यंत्र नोंदणीकृत हवं, त्याने ठसा स्वतःच्याच पातळीवर कुलूपबंद करून पाठवायचा, आणि त्यासाठी संगणकात ड्रायव्हरखेरीज 'आरडी सर्व्हिस' नावाचा आणखी एक मध्यस्थ चालता हवा. २४ जूनला राज्य सरकारने ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. आणि २४ जुलैपासून त्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन सुरू झाले, आधारच्या ठशावर किंवा मोबाइलवरच्या ओटीपीवर. ज्याचा मोबाइल आधारला जोडलेला नाही, त्याला बोटाशिवाय मार्ग नाही. अर्जाची मुदत १५ सप्टेंबर.

त्या वर्षी सप्टेंबरचा दुसरा मंगळवार १२ तारखेला होता.

१३ तारखेच्या बुधवारी मी योगायोगानेच गावात होतो. सकाळी आठलाच ओट्यावर पन्नासेक माणसं, नवरा-बायको जोडीने, कारण अर्जात दोघांची माहिती लागत होती. यंत्र रात्री अपडेट घेऊन बसलं होतं. पडद्यावर टक्के वाढत होते. साठच्या पुढे गेले आणि वीज गेली. यूपीएसने दोनदा चीं केलं आणि मान टाकली.

वीज पाऊण तासाने आली. यंत्र सुरू झालं, गोल फिरलं, बंद झालं, परत सुरू झालं. हे तिसऱ्यांदा झाल्यावर विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर येते, म्हणून थांबलो. तिथून आदल्या आठवड्याच्या रीस्टोअर पॉइंटवर मागे गेलो. त्याला चाळीस मिनिटं. लोक शांत होते. एकाने विचारलं, "सर्व्हर डाऊन हाय का?" आमच्याकडे हा शब्द आता 'पाऊस नाही' याच्या पंगतीतला आहे, त्यावर कुणी कुणाला दोष देत नाही. मामेभाऊ "हो" म्हणाला.

विंडोज उठली, पण बोटाचं यंत्र दिसेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. यंत्र कोणत्या कंपनीचं ते राहू द्या. वहीत उपाय होता: वायर काढा, ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस दोन्ही उडवा, रीस्टार्ट, आधी ड्रायव्हर, मग सर्व्हिस, मग वायर. क्रम चुकला की पहिल्यापासून. आणि रीस्टार्टच, शटडाउन नको, कारण विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, गाभा जसाच्या तसा डिस्कवर गुंडाळून ठेवलेला, त्यामुळे आतला घोळ दुसऱ्या दिवशीही ताजा राहतो. हे सगळं झालं. त्रिकोण गेला. यंत्रात लाल दिवा लागला. आणि आरडी सर्व्हिस म्हणाली, 'नॉट रेडी'.

इथे आम्ही दोन तास घालवले. ही सर्व्हिस संगणकाच्या आतच ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका क्रमांकाच्या खिडकीत बसून असते, ब्राउझर तिथे जाऊन ठसा मागतो. खिडकी अँटिव्हायरसने लावली असेल म्हणून तो बंद केला. यूएसबीची जागा बदलली. वायर बदलली. परत पहिल्यापासून सगळं टाकलं. शेवटी वैतागून मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर साधं जीमेल उघडायला गेलो, तर क्रोमने पाटी दाखवली की तुमचं घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात पाहिलं. संगणकात २००९ साल चालू होतं.

बायॉसची बॅटरी, तीच ती रुपयाच्या नाण्याएवढी चकती, मेलेली होती. एरवी प्लग कायम भिंतीत असल्यामुळे ते कळलं नव्हतं. सकाळी वीज गेली आणि यंत्र आपल्या जन्मसालात परतलं. सुरक्षित जोडणीची सगळी प्रमाणपत्रं तारखेवर चालतात. २००९ मधल्या संगणकाला २०१७ चं प्रमाणपत्र म्हणजे अजून सुरूच न झालेलं. त्यामुळे आरडी सर्व्हिसला तिच्या मालकाच्या सर्व्हरशी बोलता येत नव्हतं, म्हणून ती तयार नव्हती, म्हणून अंगठा जात नव्हता. तारीख दुरुस्त केली. अर्ध्या मिनिटात 'रेडी'.

दुपारचा एक वाजला होता. पहिला नंबर एका आजींचा, सकाळी सातपासून बसलेल्या. नवरा गेलेला, कर्ज सोसायटीचं, सातबारा त्यांच्या नावावर. त्यांनी अंगठा ठेवला. नाही जुळला. पदर ओला करून बोट पुसलं, परत ठेवला. नाही. दुसरा अंगठा. नाही. त्यांनी हात उलटा करून आपल्याच बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकरा, चाळीस वर्सं कोयता धरलाय. आता त्याच्यावर रेघा कुठल्या राहायच्या?"

ड्रायव्हर, सर्व्हिस, बॅटरी, तारीख, सगळं नीट होऊन शेवटची अडचण तिथे होती, आणि तिच्यासाठी वहीत उपाय नव्हता. मामेभावाने एकेक करत दहाही बोटं लावून पाहिली. डाव्या हाताची अनामिका जुळली. का, तर कोयता धरायला ते बोट कमी लागत असावं, हा आपला माझा अंदाज. एचपीच्या त्या छोट्या लेझर प्रिंटरने, ज्याला स्वतःची स्मृती नसते आणि ज्याला दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून आपलं सॉफ्टवेअर मागून घ्यावं लागतं, एक पावती छापली. आजींनी ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली. पुढे मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढली. ते त्या दिवशी ओट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून रात्री साडेअकरापर्यंत रांग होती.

कर्जमाफीच्या त्या उन्हाळ्यावर पुष्कळ लिहून आलं. याद्यांतले घोळ, बँका, निकष, सगळं. ऑनलाइन पद्धतीवर टीका झाली ती पोर्टलवर. पोर्टल आणि बोट यांच्यामध्ये जी साखळी होती, तिच्यातली एकेक कडी कुणाच्या तरी टेबलावर तुटत होती आणि तिथेच जोडली जात होती, त्याचा कुठल्याच अहवालात पत्ता नाही. केंद्रचालकाला दर अर्जामागे काय मिळतं यावर चर्चा होते. अडीच तास यंत्र उठवण्याचे पैसे कुणी धरत नाही. ते धरले तर ऑनलाइनचा खर्च कागदापेक्षा कमी येतो का, हे मला एकदा कुणीतरी मांडून दाखवावं अशी इच्छा आहे.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले पंचाऐंशी लाख संगणक एकदम निळे पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका अपडेटमधली फाईल सदोष होती, आणि ती वाचणारा तिचा ड्रायव्हर गाभ्यात बसलेला होता. त्यावर सही होती, बरं का. विमानतळांवर रांगा लागल्या, इंडिगोने प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले आणि त्यांचे फोटो फिरले. उपाय काय निघाला? प्रत्येक यंत्रापाशी माणूस पाठवायचा, सेफ मोडमध्ये जायचं, ती फाईल उडवायची, रीस्टार्ट. मामेभावाने बातमी पाहून फोन केला. त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं, त्यामुळे त्याचं मशीन मजेत चालू होतं आणि पीक विम्याच्या मुदतीची गर्दी ओट्यावर होती. "एवढ्या मोठ्या कंपन्यांकडं पण पोरगंच पाठवावं लागलं का दादा?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याची आजची पद्धत अशी: महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी अपडेट थांबवायचे. २०१९ पासून विंडोज १० च्या साध्या आवृत्तीतही ही सोय आहे, जास्तीत जास्त पस्तीस दिवस. त्याआधी तो नेटला 'मीटर्ड' म्हणून खोटं सांगायचा. कुठल्याही अर्जाची शेवटची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी, सकाळी नाही, संध्याकाळी, नव्या बॅटरीच्या यूपीएसवर ते घ्यायचे. त्याआधी ड्रायव्हरची घडी एका पेनड्राइव्हवर. नवी चकती बसवल्याची तारीख वहीत लाल पेनने.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्याच्या यंत्राला ११ चालत नाही, त्यात ती मागते ती टीपीएम २.० ची चिप नाही आणि प्रोसेसरही जुना आहे. तो मंगळवारच होता, दुसरा. दसरा होऊन गेला होता, दिवाळी आठवड्यावर होती, टोळ्या निघायच्या तयारीत होत्या. बायका जायच्या आधी केवायसी करून घ्यायला येत होत्या. आता बरंच काही अंगठ्याऐवजी ओटीपीवर चालतं, आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, नवरा मुकादमाकडे गेलेला असतो. मी गेलो तेव्हा पडद्यावर ती सूचना होती, की या संगणकाला यापुढे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. त्याने मला ती वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली.

"म्हणजे बुधवारचं काय?" त्याने विचारलं.

"बुधवारी आता काही येणार नाही."

त्याने वही काढली, मागून उघडली आणि ते लिहून घेतलं. मग ओट्यावरच्या पुढच्या बाईंना आत बोलावलं.